बुधवारी साडेनऊला कोण येतं?

(दृश्य: पोळ्याचा दुसरा दिवस. गर्दीच्या डोक्यांवरून डोलत येणारी मारबत.)

नागपूरच्या इतवारीच्या गल्लीत आज पाय ठेवायला जागा नाही. गच्च्यांवर बाया, खिडक्यांच्या गजांना लटकलेली पोरं, खाली ढोल-ताशे, आणि या सगळ्यांच्या वर दोन हात पसरून उभी असलेली मारबत, म्हणजे बाईचा भलामोठा पुतळा. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ रोगराई, महागाई, वर्षभरात जे जे नकोसं झालं ते तिच्या पदरात टाकायचं आणि मिरवणुकीच्या शेवटी तिला जाळून टाकायचं. मागून बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, येतात, त्यांच्या गळ्यात पुढाऱ्यांना हाणलेले टोमणे लिहिलेले असतात. 1880 च्या दशकापासून नागपुरात हे चालत आलंय. काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईनं इंग्रजांशी हातमिळवणी केली त्याचा राग, असं जुनी माणसं सांगतात.

समजा, एका वर्षी ती जळलीच नाही.

पेटवली, भडकली आणि विझली. लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतःच्या पायांनी चालत वेशीपाशी आली. गावानं तिच्यात जे जे टाकलं होतं ते सगळं पोटात तसंच घेऊन.

पुढे काय झालं ते अजून कोणालाच माहीत नाही. ज्या मुलीच्या डोक्यातून ही गोष्ट निघाली, तिलाही नाही. त्यासाठी तिला तिच्या ऑनलाइन भूमिका-खेळात पाच माणसं हवी आहेत.

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. जिना. वरच्या खोलीत लॅपटॉपचा उजेड.)

ती दिवसा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करते. नाव घ्यायचं नाही या अटीवर तिनं आम्हाला घरात घेतलं. खेळात सगळे तिला सूत्रधार म्हणतात, आपणही तेच म्हणू.

खेळ कसा चालतो ते आधी थोडक्यात. सूत्रधार प्रसंग सांगते. समोरचा प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन बसलेला असतो आणि आपलं पात्र काय बोलतं, काय करतं ते तो सांगतो. भिंतीवरून उडी जमेल का, पहारेकरी थाप पचवेल का, अशा जागी 20 बाजूंचा फासा पडतो आणि गोष्ट वळते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. चारच वर्षांनी, 1978 मध्ये, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी मिळून संगणकावर खेळायची शब्दांची दुनिया उभी केली. आजच्या ऑनलाइन भूमिका-खेळांच्या मागे ही दोन घराणी आहेत. आता टेबलाची जागा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपनं घेतली आहे: एक बोलायची खोली, एक लिहायची, फासा टाकायला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम.

मराठीत खेळायचं तर नियम कोणाचे वापरायचे, हा प्रश्नही आता उरलेला नाही. जानेवारी 2023 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. मूळ मालकाचा उल्लेख करा आणि खुशाल आपल्या भाषेत उतरवा. सूत्रधारनं बारा-पंधरा पानांत कामापुरते उतरवून घेतले आहेत.

नियम मिळाले, गोष्ट मिळाली. अडतं ते माणसांपाशी.

(दृश्य: स्क्रीनवर एक लांबलचक मजकूर, बोटानं वर सरकवला जातोय.)

अशा खेळांसाठी खेळाडू हवेत म्हणून लिहिलेल्या जाहिराती आम्ही बऱ्याच वाचल्या. बहुतेक सगळ्या एकाच पद्धतीच्या. तीन युगांपूर्वी देवांचं युद्ध झालं, मग सात राज्यं झाली, प्रत्येक राज्याचा झेंडा, प्रत्येक झेंड्याचा इतिहास. चौथ्या परिच्छेदापर्यंत कोणी टिकलाच, तर त्याला देवांची वंशावळ पाठ होते, पण खेळ कोणत्या वारी आहे ते कळत नाही. लिहिणाऱ्याचा जीव त्या जगात अडकलेला असतो, हे कळतं. पण वाचणारा मनात वेगळाच हिशेब करत असतो. मला जमेल का? तिथे कोण असेल? किती वेळ जाईल?

सूत्रधारची जाहिरात आम्ही तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केली. ती अशी:

‘दर बुधवारी रात्री साडेनऊ ते साडेबारा, भारतीय वेळ. बारा बैठका, पोळ्याच्या आत गोष्ट संपणार. बोलून खेळायचं, मराठीत. हिंदी घुसली तरी चालते, नागपूर आहे. लढाई कमी, गोष्ट जास्त. पात्र मरू शकतं. नियम येत नसले तरी शिकवीन, उशिरा आलात तर थांबणार नाही. वय 18 पूर्ण हवं. हेडफोन हवाच. पैसे लागत नाहीत. नगरी अशी, की जिथे जाळलेली मारबत परत आली आहे. तुमच्या पात्राला या नगरीत कोणाचं काय देणं आहे, ते चार ओळींत लिहून पाठवा.’

बस. नगरीचं वर्णन एका वाक्यात उरकलं.

बारा बैठकांमागे गणित आहे. शेवट नसलेल्या खेळाला ‘हो’ म्हणणं सोपं आणि टिकणं कठीण. पोळ्यापर्यंतच आहे म्हटलं की माणूस कॅलेंडर काढून बघतो. बाराचा आकडा नागपूरच्याच जन्मकथेतून आला. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं. त्या वाड्यांना राजापूर बारसा म्हणत. खेळातल्या नगरीलाही बारा पुरे, म्हणजे वस्त्या, आहेत, दर बुधवारी मारबत एका पुऱ्यात शिरते. नगरीला नाव मात्र नाही. ते खेळाडूंनी पहिल्या दिवशी ठेवायचं.

हेडफोनच्या अटीबद्दल आम्ही विचारलं, तर तिनं खिडकीकडे बोट दाखवलं.

(आवाज: कूलर. मोटरची घरघर, जाळीवरून टपटपणारं पाणी. चार सेकंद तसाच ठेवा.)

मे महिना आहे. दुपारी पारा 45 च्या पुढे गेलेला, रात्री साडेनऊलाही भिंतीला हात लावला तर गरम. नागपुरात या दिवसांत कूलर बंद करा असं पाहुण्यालाही कोणी सांगत नाही, खेळाडूला काय सांगणार! पण लॅपटॉपचा माइक उघडा राहिला तर पाच घरांतले पाच कूलर एकदम कानात शिरतात आणि दरबारात कुजबुजणारा मंत्री बिचारा आगगाडीच्या डब्यात उभा असल्यासारखा ओरडतो. म्हणून ‘पुश टू टॉक’: बटण दाबलं की बोला, सोडलं की गप्प. याचा एक फायदा तिला मागाहून कळला म्हणे. बटण दाबायचं म्हटलं की माणूस क्षणभर विचार करतो. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत नाहीत.

(दृश्य: आलेली उत्तरं. नावं पुसलेली.)

जाहिरात कॉलेजच्या जुन्या ग्रुपांवर फिरली, मित्रांच्या मित्रांकडे गेली. उत्तरं यायला लागली.

एकानं फक्त लिहिलं: ‘ताई, जॉइन करायचं आहे. लेव्हल किती पासून?’ एकानं पात्राच्या घराण्याची अकरा पानं पाठवली, देणं कोणाचं ते कुठेच नाही. आणि एक उत्तर असं, जे असल्या प्रत्येक खेळाला येतंच येतं: ‘माझा योद्धा एकटा आहे. त्याला कोणी नाही. तो कोणाचं काही लागत नाही.’ असला एकांडा शिलेदार सिनेमात भारी दिसतो. पाच जणांच्या खेळात मात्र तो प्रत्येक प्रसंगात दाराशी हाताची घडी घालून उभा राहतो आणि बाकी चौघांनी त्याला ‘चल ना बाबा’ म्हणावं अशी त्याची अपेक्षा असते. देण्याचा प्रश्न त्याच्यासाठीच आहे. देणं असलं की माणूस गावात अडकतो.

मग हे आलं. आम्ही ते जसंच्या तसं वाचतो.

‘मारबतीच्या सांगाड्याला लागणाऱ्या बांबूचे पैसे माझ्या बापानं बुडवले. बाप गेला. बांबूवाला रोज सकाळी येऊन आमच्या दारात बसतो. मागत काही नाही.’

सूत्रधारनं हे आम्हाला वाचून दाखवलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. ‘हा पाहिजे,’ म्हणाली.

बार्टलनं, त्याच एसेक्सवाल्यानं, 1996 मध्ये एक लेख लिहिला होता. अशा दुनियेत येणाऱ्या माणसांचे त्यानं पत्त्यांच्या रंगांवरून चार प्रकार केले. चौकटवाल्याला खजिना आणि बढती हवी. इस्पिकवाला कानाकोपरा उकरून बघतो. बदामवाल्याला माणसं हवीत, गप्पा हव्यात. किलवरवाला दुसऱ्याच्या डोक्यात सोटा घालायला आलेला असतो. ही विभागणी खूप वापरली गेली, तिच्यावर टीकाही झाली, आणि माणूस काही एकाच रंगाचा नसतो. तरी भरतीच्या वेळी ती हाताशी असलेली बरी. नुसते बदाम गोळा झाले तर साडेबारापर्यंत चहाच्या टपरीवरच्या गप्पा चालतील आणि मारबत वेशीबाहेर ताटकळत राहील. दोन बदाम, दोन इस्पिक, एक चौकट, असा सूत्रधारचा हिशेब. किलवर? ‘नको बाप्पा,’ ती हसली. ‘ऑफिसात आहेत तेवढे पुरे.’

(दृश्य: कॉलवर बोलणारी सूत्रधार, पाठमोरी.)

निवडलेल्या प्रत्येकाशी ती पंधरा मिनिटं बोलते. गोष्टीचा विषय काढतच नाही. ‘बुधवारी रात्री तुमच्या घरी काय असतं?’ हा तिचा पहिला प्रश्न. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. हिंगण्याच्या हॉस्टेलवरच्या पोराच्या खोलीत तिघं झोपतात, म्हणून तो गच्चीवरून बोलणार. यवतमाळच्या एका बाईंचं बाळ नऊला झोपतं आणि अकराला एकदा उठतं, तेव्हा अकराला पाच मिनिटांची सुट्टी सगळ्यांनाच. पुण्यात नोकरीला गेलेला नागपूरचा एक जण म्हणाला, ‘आठवडाभर कोणाशी ‘काऊन बे’ म्हणून बोललो नाही, निदान बुधवारी तरी बोलीन.’ त्याला तिथल्या तिथे घेतला. त्याचं पात्र नगरीचा पहारेकरी आहे, आणि राजाला तो ‘काय करून राहिले महाराज?’ असंच विचारणार आहे. मराठीत खेळायला बसलं की जो तो ऐतिहासिक मालिकेतल्यासारखा बोलू लागतो. एक असा पहारेकरी असला की सगळ्यांची जीभ सैल होते.

बाळाच्या आईनं कॉलवर उलट प्रश्न केले. आणखी कोण आहे? पुरुष किती? माझा नंबर कोणाला दिसेल का? कोणी चावटपणा केला तर तुम्ही काय कराल? आमच्या मते हे चार प्रश्न प्रत्येक जाहिरातीत आधीच सुटलेले असायला हवेत. सूत्रधारकडे उत्तरं तयार होती. फोन नंबर लागत नाही, टोपणनावानं या. आणि जॉन स्टाव्ह्रोपोलोस या खेळ रचणाऱ्यानं रूढ केलेलं एक्स-कार्ड: प्रसंग कोणालाही नकोसा झाला की लिहायच्या खोलीत एक फुली टाकायची. प्रसंग तिथेच बदलतो. का, असं कोणी विचारायचं नाही. फुली कोणी टाकली त्यावर नंतरही चर्चा नाही.

तीन तास म्हणजे फार होतात का, असंही आम्ही विचारलं. ती मूळची पूर्व विदर्भातल्या वडशाकडची. दिवाळीनंतर तिकडे झाडीपट्टीची, म्हणजे त्या भागातली गावोगावची, नाटकं सुरू होतात, रात्री बसलेला प्रेक्षक पहाटे उठतो. आमचा प्रश्न तिला कळलाच नाही.

(दृश्य: डिस्कॉर्डच्या पडद्यावर चार गोल चिन्हं. घड्याळात 9:31.)

जूनचा पहिला बुधवार. आज खेळ नाही, नुसती ठरवाठरवी. गोष्टीत काय नको, ते आधी. लहान मुलांना इजा नको, हे लगेच ठरलं. एकानं साप नकोत म्हटलं; नाग नदीच्या गावात साप नकोत यावर बराच हशा झाला, पण नाहीत म्हणजे नाहीत. मग नगरीचं नाव. त्यावर चाळीस मिनिटं भांडण. खालून आईचा आवाज आला, ‘कोणाशी भांडून राहिली गं इतक्या रात्री?’ आणि तो चौघांनी ऐकला, कारण बटण दाबलेलं राहिलं होतं.

चौघांनी. पाचवा आला नाही.

पाचवा म्हणजे बांबूवाला दारात बसवणारा. मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योग-वसाहतीत, कामाला आहे, त्याच आठवड्यात त्याची रात्रपाळी लागली आणि बुधवार गेला. वार बदलावा का? सूत्रधारनं क्षणभर विचार केला असेल, पण बाकी चौघांनी आपापली घरं बुधवारभोवती बसवली होती. वार बदलला नाही. एक गोष्ट मात्र तिनं त्याला विचारली: तुझा बांबूवाला आम्ही ठेवू का? सूत्रधारच्या हातातलं पात्र म्हणून, पहिल्याच पुऱ्यात, कोणाच्या तरी दारात.

त्याचं उत्तर रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आलं. ‘ठेव ना ताई. फक्त त्याला पैसे मागायला लावू नको.’

पाचव्या जागेसाठी जाहिरात त्याच रात्री पुन्हा गेली. मजकूर तोच, एक ओळ वाढली आहे: पाळी बदलणारी नोकरी असेल तर आधी सांगा.