पोत्याचा प्रश्न

पोलिसांना त्या पोत्याचं काय पडलंय?

हा प्रश्न माझा नाही, इटालियन ऑपेरा-संगीतकार जुझेप्पे व्हेर्दीचा आहे. १४ डिसेंबर १८५० रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहाच्या अध्यक्षांना त्याने एक चिडलेलं पत्र लिहिलं, त्यातला.

व्हेर्दी आणि स्वातंत्र्य असा विषय दिला की वक्ते सहसा त्याच्या ‘नाबुक्को’ या ऑपेरापासून सुरुवात करतात. १८४२ साल, मिलानचं ला स्काला नाट्यगृह, शहरावर ऑस्ट्रियाचा अंमल. बाबिलोनमधले बंदिवान ज्यू मायभूमी आठवून गातात, प्रेक्षक पेटतात, वन्स मोअरचा गजर होतो. गोष्ट झकास आहे, मीही ती पूर्वी रंगवून सांगितली आहे. पण अभ्यासकांनी त्या वेळचे वृत्तांत तपासले, तेव्हा निघालं की वन्स मोअर मिळाला होता तो भलत्याच समूहगानाला, शेवटच्या प्रार्थनेला. बंदिवानांच्या त्या गाण्याला, ‘वा, पेन्सिएरो’ला, राष्ट्रगीताचा मान आला तो पुढे, इटली एक झाल्यावर. म्हणून आज पोत्यापासून सुरुवात केली. पोत्याची कागदपत्रं आहेत.

याचा अर्थ व्हेर्दी देशभक्त नव्हता असा नाही हं. मार्च १८४८ मध्ये मिलानने पाच दिवस लढून ऑस्ट्रियाच्या फौजा हुसकावल्या, तेव्हा तो पॅरिसहून धावत आला. आपला संहिताकार मित्र पियावे याला त्याने लिहिलं की आत्ता इटालियन कानांना एकच संगीत मानवेल, तोफांचं. पण १८४९ च्या ऑगस्टपर्यंत सगळं आटोपलं होतं. वेढा, उपासमार, कॉलरा सोसून व्हेनिसही शरण गेलं.

त्याच व्हेनिससाठी व्हेर्दीने पुढच्या वर्षी नव्या ऑपेराला नाटक निवडलं व्हिक्टर ह्यूगोचं. पॅरिसमध्ये १८३२ साली एका प्रयोगानंतर बंदी आलेलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस बाईलवेडा, आणि त्याचा कुबडा विदूषक हा नायक. एका बापाचा शाप विदूषकाला लागतो. राजा त्याच्याच मुलीला नासवतो. विदूषक मारेकरी ठरवतो आणि मध्यरात्री प्रेताचं पोतं ताब्यात घेतो.

ऑस्ट्रियाच्या लष्करी गव्हर्नरने डिसेंबरात बंदी घातली. घाबरलेल्या पियावेने एक धुतलेली संहिता तयार केली. तीत राजा नाही, शाप बेतास बात, कुबड नाही, पोतं नाही. ती वाचून व्हेर्दीने ते पत्र लिहिलं. कुबडा गातो म्हणून लोक नाकं मुरडतील? का नाही गायचं त्याने? बाहेरून बेढब, हास्यास्पद आणि आतून मायेने ओतप्रोत, असा माणूस दिसावा म्हणून तर हा विषय मी घेतला. पोत्याचा परिणाम काय होईल याची चिंता पोलिसांनी का करावी? इथे संगीतकार कोण आहे? आणि एक वाक्य असं, की माझं संगीत बरं असो वाईट असो, मी ते उगाच कुठेही चिकटवण्यासाठी लिहीत नाही.

नीट बघा, त्याने राजाचा हट्ट धरला नाही. वर्ष सरता सरता बुसेत्तोत तडजोड झाली. फ्रान्सचा राजा गेला, मांतुआचा ड्यूक आला. तिथलं घराणं केव्हाच निर्वंश झालेलं, तेव्हा रुसायला कोणी वारस नाही! राजा मुलीच्या मागे शयनगृहाची किल्ली काढतो, तो प्रसंग गेला. ‘शाप’ हे शीर्षक गेलं, ‘रिगोलेत्तो’ आलं. शाप, कुबड आणि पोतं राहिलं. ११ मार्च १८५१ ला प्रयोग झाला.

आपल्याकडे १९१० साली ‘कीचकवधा’वर बंदी आली. कीचक म्हणजे कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. खाडिलकरांनी महाभारताचा पडदा स्वतः निवडला होता. व्हेर्दीवर पडदा सरकारने लादला, आणि त्याने तो किती जाड घ्यायचा यावर घासाघीस केली.

नेपल्समध्ये घासाघीसही फसली. स्वीडनच्या राजावर मुखवट्यांच्या नाचात १७९२ साली गोळी झाडली गेली, तो व्हेर्दीच्या पुढच्या एका ऑपेराचा विषय. जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसला तिसऱ्या नेपोलियनवर एका इटालियनाने बाँब फेकला, आणि राजाचा खून रंगभूमीवर दाखवायची सोय उरली नाही. नाट्यगृहाने कथा चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये नेऊन ठेवली. व्हेर्दीच्या बाजूने ओळी मोजल्या गेल्या. ८८४ पैकी २९७ बदललेल्या. प्रकरण कोर्टात गेलं, मिटलं, आणि ऑपेरा १८५९ मध्ये रोमला झाला, पण कथा युरोपबाहेर काढून. म्हणून स्वीडनचा राजा बॉस्टनचा गव्हर्नर झाला. बॉस्टनमध्ये सरदारांचा कट आणि मुखवट्यांचा नाच, आजही हसू येतं. व्हेर्दीने तेही चालवून घेतलं. पात्रांची नावं, पदव्या, गावं तो सोडत असे. ज्या वळणावर सूर बेतलेला आहे, ते वळण सोडत नसे.

१८६१ मध्ये पंतप्रधान काव्हूरच्या आग्रहाखातर तो इटलीच्या पहिल्या संसदेत गेला. तिथे मन रमलं नाही. पुढे पियावेला लिहितो, साडेचारशे सभासद म्हणतात, पण खरे चारशे एकोणपन्नासच, कारण व्हेर्दी नावाचा सभासद अस्तित्वातच नाही.

पण आपण पोत्याकडे येऊ. शेवटचा अंक. वादळ ओसरलंय. रिगोलेत्तोच्या हाती पोतं आलंय. आत ड्यूकचं प्रेत, अशी त्याची खात्री. तो त्यावर पाय ठेवतो, जगाला ओरडून सांगतो की पाहा, विदूषक मी आणि पायाखाली सत्ताधीश. ओढत नदीकडे निघतो. तेवढ्यात दुरून ड्यूकचा आवाज येतो, मघाचंच ते उडतं गाणं, बायका चंचल म्हणून हिणवणारं. सबंध नाट्यगृह ते ओळखतं. रिगोलेत्तोही ओळखतो. त्याच्या हातात अजून पोतं आहे.

पोतं काढलं असतं तर त्या गाण्याचं काय झालं असतं, ते आता ऐकूनच बघा. लावा रे ध्वनिमुद्रण. दिवे थोडे कमी करा.