लेखकाच्या रकान्यात ओप्रा

[पडद्यावर: एक तक्रारीचा फॉर्म]

फ्लोरिडातलं मायामी लेक्स. साल २०२३. एका पालकाने शाळेत भरून दिलेला हा फॉर्म. तक्रार तरुण अमेरिकन कवयित्री अमांडा गोर्मनच्या कवितेच्या पुस्तकाविरुद्ध. २० जानेवारी २०२१ला बायडन यांच्या शपथविधीत तिने वाचलेली तीच कविता. आता लेखकाचा रकाना बघा. ओप्रा विनफ्री! टीव्हीवरच्या प्रसिद्ध मुलाखतकार. ओप्राबाईंचा संबंध एवढाच, की प्रस्तावना त्यांची आहे.

शाळेने पुस्तक लहान मुलांच्या कपाटातून उचललं आणि मोठ्या मुलांच्या कपाटात ठेवलं. बातमी आली, 'कवितेवर बंदी'. प्रशासनाचा खुलासा आला, बंदी कसली, पुस्तक ग्रंथालयातच आहे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. फक्त तिसरीतल्या मुलीला ते तिच्या कपाटात सापडणार नव्हतं.

आपल्या मराठीत तर सरकारने जप्त केलेलं पुस्तक असो की शाळेने हलवलेलं, शब्द एकच. बंदी. अमेरिकेतही तीच गत. 'पेन अमेरिका' या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४च्या शालेय वर्षात अशा १०,०४६ नोंदी केल्या. चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवलेली पुस्तकंही त्यात धरली आहेत, आणि एकच पुस्तक दहा शालेय जिल्ह्यांतल्या शाळांतून काढलं गेलं तर नोंदी दहा.

[पडद्यावर: बैठकीचं इतिवृत्त]

१० जानेवारी २०२२. टेनेसीतला मॅकमिन जिल्हा. शाळा मंडळापुढे विषय आहे आठवीला लावलेलं 'माऊस'. आर्ट स्पीगलमन यांनी आईवडिलांची, नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतली कहाणी चित्रांतून सांगितली आहे. त्यात ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं. १९९२ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. मंडळाने दहा विरुद्ध शून्य मतांनी ते अभ्यासक्रमातून काढलं.

बातमी फुटायला पंधरा-सोळा दिवस गेले आणि फुटली ती नेमकी होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृतिदिनाच्या तोंडावर. मग काय, उजवे, नाझी, ज्यूद्वेष्टे, एकापाठोपाठ एक शिक्के बसत गेले. उंदरांच्या अंगावर कपडे नाहीत म्हणून मंडळी चिडली, अशी थट्टाही झाली.

इतिवृत्तात वाद आहे तो आठ अपशब्दांचा आणि बाईच्या एका नग्न चित्राचा. ते चित्र उंदराचं नाहीच. आत्महत्येनंतर टबात पडलेली लेखकाची आई, माणसाच्या रूपात. शब्द खोडून, चित्र झाकून पुस्तक शिकवावं, असंही सुचवलं गेलं होतं. मग अशी खाडाखोड कॉपीराइटमध्ये बसते का, ही शंका निघाली आणि अख्खं पुस्तकच गेलं. होलोकॉस्ट शिकवूच नका, असं मंडळ म्हणत नव्हतं.

मला विचाराल तर हे जास्त भयंकर आहे. ऑशविट्झमधून जिवंत परतलेल्या बाईचा मृत्यू समोर मांडलाय, आणि सभेला दिसतंय उघडं अंग. पण एकदा नाझी म्हणून मोकळं झालं, की त्या चित्रापर्यंत जातो कोण?

त्याच महिन्याच्या २४ तारखेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या मकिल्टिओमध्ये 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी नववीच्या सक्तीच्या वाचनातून निघाली. इथे मागणी शिक्षकांचीच होती. काळ्या माणसावरच्या अन्यायाच्या गोष्टीत नायक गोरा वकील, आणि पानोपानी काळ्यांसाठीची ती वंशवाचक शिवी. ज्या शिक्षकाला शिकवायचं असेल त्याला मुभा राहिली. तरी याही निर्णयाला शिक्का मिळालाच, 'डाव्यांची बंदी'.

[पडद्यावर: युटा, डेव्हिस जिल्हा]

युटात शाळांमधल्या अश्लील मजकुराविरुद्ध २०२२ साली रिपब्लिकनांनी कायदा केला. एका पालकाने तोच कायदा हातात घेतला आणि बायबलविरुद्ध तक्रार ठोकली. कायदा आणणारे आमदार केन आयव्हरी आधी म्हणाले, ही थट्टा आहे. पुढे समितीने प्राथमिक शाळा आणि मिडल स्कूलमधून बायबल खरंच काढलं, तेव्हा त्यांचा सूर बदलला. बायबल घरी, कुटुंबात बसून शिकवलेलंच बरं!

२० जून २०२३ला मंडळाने ते परत कपाटात ठेवलं. कारणही नोंदवलं. या ग्रंथाचं मुलांसाठी असलेलं मोल त्यातल्या हिंसक आणि असभ्य मजकुराहून भारी आहे.