खळ्यातली कोंबडी मेली तर

(दापोलीजवळचं एक घर. पहाट.)

काकू झाप बाजूला सारतात. रात्री डाललेल्या कोंबड्या फडफडत खळ्यात येतात. मूठभर कण्या टाकून काकू खराटा घेतात आणि खुराड्यात वाकतात. वाळलेल्या शीटेची धूळ उडते. नाकावर साधा पदरही नाही. नीट बघा, बर्ड फ्लूची भीती बाळगायची असेल तर ती इथे बाळगायला हवी.

जानेवारी २०२१ मध्ये याच दापोलीत मेलेल्या कावळ्यांत हा रोग सापडला. २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेर गावात कोंबड्यांत सापडला. पाणपक्षी बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू अंगावर वागवतात, कधी स्वतः आजारीही न पडता. त्यांच्या शीटेतून, लाळेतून तो खळ्यापर्यंत पोचतो.

माणसाला तो सहज लागत नाही. पेशीत शिरताना विषाणू जी कडी पकडतो, ती आपल्या नाकाघशात फारशी नसते. ती असते छातीत खोल, फुफ्फुसाच्या टोकाशी. म्हणून लागण क्वचित, पण झाली की अनेकदा थेट न्यूमोनिया. २००३ पासून जगभरात नऊशेहून जास्त माणसांना एच५एन१ झाला, त्यातली जवळपास निम्मी दगावली. २०२१ मध्ये दिल्लीत ११ वर्षांचा एक मुलगा गेला. माणसाकडून माणसाकडे तो अजून सर्रास पसरत नाही, पण विषाणू रूप बदलत राहतो.

कोंबडी-वडे मात्र खुशाल खा. ७० अंशांवर आतपर्यंत शिजलेल्या रश्श्यात तो टिकत नाही. अफवेपायी दरवेळी गरिबाचा धंदा बसतो, याचं फार वाईट वाटतं.

घात होतो तो वेगळ्याच जागी. कोंबडी मान टाकते, तुरा निळा पडतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, "मरायच्या आत कापूया, फुकट कशाला घालवायची?" पिसं उपटणारे, आतडी काढणारे ते उघडे हात. कृपा करून हे करू नका. मेलेली कोंबडी वहाळात टाकू नका, कुत्र्यालाही घालू नका. पोरांना लांब ठेवा, गुरांच्या दवाखान्यात कळवा. भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून पहिली कोंबडी मेली त्याच दिवशी कळवा.

आणि नंतर ताप, खोकला आला, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आधी खुराड्याचं सांगा. औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं, तर जास्त लागू पडतं.