खुंटीवरची बंदूक

(दृश्य : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं एक घर. सकाळ. सारवलेली ओसरी, मांडलेला पाट.)

खंडेनवमी. पाटावर कोयता, खुरपं, कुऱ्हाड. बाजूला फवारणीचा पंप. अंगणात मोटरसायकल, हँडलला झेंडूची माळ. आणि या सगळ्यांच्या मधे, तेलाच्या फडक्यानं पुसलेली, दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक.

आरती होते, खोबरं वाटलं जातं. कोयता कोनाड्यात जातो, पंप गोठ्यात जातो. बंदूक जाते माजघरातल्या खुंटीवर.

आम्हाला या खुंटीबद्दल बोलायचं आहे.

(दृश्य : जांबोटीचा रस्ता, डोंगर, भाताची खाचरं.)

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीकडे निघालं की शेत कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं हे सांगता येत नाही. भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं, पण रानडुकरं त्याच्या कितीतरी आधीपासून भातावर येतायत. गवे येतात. दांडेलीच्या बाजूनं कधी हत्ती उतरतात. भात पोटरीला आलं की घरातला एकजण राखणीला शेतातल्या माळ्यावर झोपायला जातो. झोपायला म्हणजे म्हणायला. रात्रभर हाळ्या घालायच्या, डबा वाजवायचा, फटाका लावायचा. आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्यानं बंदूक खांद्याला लावून जायचं.

या बंदुकीला कायद्यानं जागा दिली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात पीक राखणीसाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. याच कर्नाटकात, कोडगूमध्ये, कोडवा समाजाला तर परवान्यातूनच सूट आहे, ती आता २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. आपल्याकडे तशी सूट नाही, परवाना लागतोच. आणि तो राखणीचा असतो, शिकारीचा नव्हे. रानडुक्कर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. हे गावात सगळ्यांना माहीत असतं. चावडीवर कुणी बोलत नाही, इतकंच.

(दृश्य : हात. गज, दारूचा डबा, छर्रे. बंदूक भरलेली नाही, फक्त कृती दाखवली जाते.)

आता बार कसा भरतात ते बघा. नळीत दारू ओतायची. वर चिंधी किंवा काथ्या, तो गजानं ठासायचा. मग छर्रे, परत चिंधी, परत गज. शेवटी घोड्याखाली इवलीशी केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते.

भरायचं हे असं. आणि रिकामी करायची कशी? सोपी वाट एकच, उडवायची. चिंधी उपसून बार बाहेर काढता येतो, पण ते काम किचकट, भरलेल्या नळीच्या तोंडाशी झटापट करण्याचं. मग होतं काय? रात्रभर डुक्कर आलंच नाही. उजाडलं. म्हैस पिळायची आहे, डेअरीला दूध घालायचं आहे. भरलेला बार तसाच घरी येतो. केप काढली तर काढली. राहिली तर राहिली.

“उगाच उडवायची कशाला? दारू काय फुकट मिळती व्हय?” माळ्यावरून उतरलेले, त्या पहिल्या घरातले मामा आम्हाला म्हणाले.

म्हणजे खुंटीवर लटकते ती भरलेली बंदूक. शिवाय इथला पावसाळा आठ-आठ दिवस ऊन दाखवत नाही. दारूला दमटपणा लागू नये म्हणून डबा ठेवायचा चुलीजवळच्या फळीवर. चुलीजवळ! हे ऐकताना आमच्या कॅमेरामननं माझ्याकडे पाहिलं.

मे महिन्याची दुपार धरा. म्हातारी झोपलीय, पोरांना सुट्टी आहे, मामाच्या गावाला आलेली भाचरं आहेत, खेळ चोर-पोलिसाचा आहे. पुढचं सांगत नाही.

(दृश्य : बेळगाव कॅम्प. परेडचा दुरून आवाज.)

बंदूक कशी ठेवायची हे शिकायला या जिल्ह्याला लांब जावं लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. पश्चिम भागातल्या गावांत असं घर शोधावं लागेल ज्याच्या भावकीत एकही फौजी नाही.

फौजेत शस्त्र असतं कोतमध्ये. कोत म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली. कुलूप, पहारा, रजिस्टर. घेताना सही, ठेवताना सही. फायरिंग झालं की प्रत्येक नळी तपासली जाते आणि आपल्याजवळ जिवंत राउंड किंवा रिकामं खोकं, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं कवच, राहिलेलं नाही हे प्रत्येकाला सांगावं लागतं. एक खोकं कमी भरलं तर अख्खी तुकडी गवतात शोधत बसते.

एक निवृत्त हवालदार आम्हाला भेटले. आता शहरात एका बँकेत पहाऱ्याला आहेत, स्वतःच्या बारा बोअरच्या परवान्यावर. संध्याकाळी घरी आले की चहाच्या आधी बंदूक मोडतात. मोडतात म्हणजे नळी वेगळी, दस्ता वेगळा. नळी लोखंडी कपाटात, दस्ता दुसऱ्या खोलीतल्या पेटीत. काडतुसं तिसरीकडे, छोट्या कुलपात. किल्ल्या करगोट्याला.

“घरात कुणाला माहीत आहे, किल्ली कुठं असते ते?”

“नातवाला सोडून सगळ्यांना माहीत आहे,” असं म्हणतील असं आम्हाला वाटलं होतं. ते म्हणाले, “कुणालाच नाही. नातवाला तर आधी कळतंय बघा. मोबाईलचा पॅटर्न कळतोय त्याला, किल्ली काय मोठी गोष्ट हाय?”

ठासणीच्या बंदुकीलाही हेच लागू पडतं. बार शेतातच भरायचा, घरी भरून आणायचा नाही. राहिलाच तर परवाना असलेल्या कारागिराकडून उतरवून घ्यायचा. केपांची डबी, दारूचा डबा आणि बंदूक, तिघांची तोंडं तीन दिशांना.

(दृश्य : जुना परवाना, शिक्क्यांनी भरलेला.)

कायदा काय म्हणतो? एकवीस वर्षांच्या आतल्याला परवाना नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणूक या दोन्ही गोष्टी आल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि लग्नात-वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण परवान्याची अट मोडल्याबद्दलचं ३०वं कलम बघा, सहा महिने किंवा दोन हजार रुपये. हलगर्जीपणानं जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं १०६वं कलम, पाच वर्षांपर्यंत. म्हणजे बंदूक खुंटीवर होती तोवर कायदा स्वस्त होता. महाग झाला तो मयतीनंतर.

आणि या अटी वाचणार कोण? कागद कानडीत, नाहीतर इंग्रजीत. सीमाभागात सरकारी कागद मराठीतून मिळावेत ही मागणी साठ-सत्तर वर्षांची आहे, तिच्यावर मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या. त्या मागणीत कुणी बंदुकीच्या परवान्याचं नाव घेतल्याचं आमच्या ऐकिवात नाही. घ्यायला हवं. सातबाऱ्यावरचं नाव चुकलं तर दुरुस्त होतं.

(दृश्य : महामार्ग, रात्र.)

इथं थांबून एक गोष्ट बोलावी लागेल, नाहीतर बघणारा विचारेल. बेळगाव हे कोल्हापूर आणि धारवाडच्या मधलं गाव. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलं. गावठी पिस्तुलाला ना परवाना, ना खुंटी, ना किल्ली. त्याचा बंदोबस्त पोलिसांनी आणि न्यायालयांनीच करायचा. आमची फिल्म त्या पिस्तुलाची नाही, पण हा रस्ता ओलांडताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

(दृश्य : शेताचा बांध, औषधाच्या रिकाम्या बाटल्या.)

अमेरिकेत २०२२ साली बंदुकीनं ४८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं. तिथं मुलांच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा ठरवणारा पहिला कायदा फ्लोरिडानं १९८९ मध्ये केला. मग इतर राज्यांत पालक आणि बालरोगतज्ज्ञ त्यासाठी मागे लागले. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. तो वाईट क्षण पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो, कुलूप तेवढा वेळ काढून देतं.

आपल्याकडे हे बंदुकीपेक्षा औषधाच्या बाटलीला जास्त लागू आहे, हे कबूल करायला हवं. कर्ज, पडलेला दर, एक रात्र. ज्या कपाटात काडतुसं ठेवाल त्यातच फवारणीचं औषधही ठेवा, असं आम्ही गावोगाव सांगत होतो. मन फारच जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

(दृश्य : पोलीस ठाण्याबाहेरची रांग, हातात गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका.)

२०२४ च्या लोकसभेला १६ मार्चला आचारसंहिता लागली, बेळगावचं मतदान ७ मे ला. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा शिरस्ता. लोक कुरकुरतात, पण जातात. पावती मिळते. निकाल लागल्यावर पावती दाखवून बंदूक परत.

तेवढे दिवस घरं बंदुकीशिवाय असतात. उसात डुक्कर येतं, डबे वाजतात, निभतं. मतपेटीजवळ बंदूक नको हे सरकारला कळलं. पाळण्याजवळची मात्र कुणी जमा करून घेत नाही.

(दृश्य : पहिलंच घर. माजघर.)

आम्ही परत त्या घरी गेलो. खुंटीवर घोंगडं होतं. मामा राखणीला गेलेले. मामी चुलीपाशी. फळीवर दारूचा डबा नव्हता, लोणच्याची बरणी होती.

“मामी, बंदूक कुठं आहे?”

त्यांनी भाकरी उलटली. “तुम्हाला कशाला पायजे?”

कॅमेरा बंद केला, तरी सांगितलं नाही.