सावली की पेडवे?

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला तुमच्याशी बघण्याविषयी बोलायचं आहे. आपण ठासून सांगतो, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.' पण ते डोळे कुठे वाढले, त्यांना लहानपणी काय बघायची सवय लागली, हे कोणी विचारत नाही. मला ते मालवणच्या किनाऱ्यावर कळलं. ती गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे, आज तुम्हालाही सांगते.

मी मूळची माण तालुक्यातली, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातली. तिथे वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हा खरा. इथे सिंधुदुर्गात तोच 3000 च्या घरात. 1988 साली शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली ती थेट मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात. तोवर समुद्र मी चित्रातच पाहिला होता.

नवरात्राचे दिवस होते. सकाळी शाळेला वेळ होता म्हणून किनाऱ्यावर गेले. रापण लागायची होती. रापण म्हणजे होडीने टाकून काठावरून ओढायचं मोठं जाळं, ते तुम्हाला मी सांगायला नको. होडीत जाळं रचून तयार, माणसं वाळूत बसलेली, आणि तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, तेवढे उभे. सत्तरीचे असतील. कपाळावर हात आडवा धरलेला, नजर पाण्यावर. किती वेळ हललेच नाहीत.

मी विचारलं, "काय बघताय?"

"पेडवे." म्हणजे थव्याने फिरणारे छोटे चंदेरी मासे.

"कुठे?"

"थंय. पाणी काळा पडला हा, तां बघा."

मी बघितलं. पाणी होतं.

"आता दक्षिणेक सरकले," तांडेल म्हणाले. मी पुन्हा बघितलं. पाणीच होतं. माझ्या वर्गातला चौथीतला मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "बाईनू, तुमका दिसणत नाय?" त्याला दिसत होते. मला चष्मासुद्धा नव्हता, आणि मला दिसत नव्हते. होडी गेली, अर्धगोल जाळं टाकून आली, दोन्ही टोकांना माणसं दोराला लागली. तासाभराने जाळं वाळूवर आलं, तर आत पेडव्यांची नुसती चांदी.

मग मी रोज जायला लागले. तांडेलांच्या बाजूला उभी राहायचे, ते बघतील तिकडे बघायचे. पाचव्या दिवशी मला दिसलं! चांगला मोठा काळसर डाग, पाण्यावरून सरकत येणारा. मी ओरडले, "ते बघा, ते बघा!" बसलेली माणसं उठली, दोघांनी होडीला हात घातला. तांडेलांनी एकदा बघितलं आणि हाताने सगळ्यांना बसायची खूण केली.

"बाईनू, ती सावली. ढगाची."

कोणी हसलं नाही, हे मला आजही आठवतं. तांडेल मला शांतपणे समजावून सांगायला लागले, "सावली वाऱ्यावांगडा जाता. मासो आपल्या मनान जाता." माशांच्या वरचं पाणी शहारतं, वर पाखरं घिरट्या घालतात. सावलीखालचं पाणी तसंच राहतं, फक्त काळं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या मोठ्या समुद्रात मला ढगाची सावलीच का दिसली? मग आठवलं. आमच्या माणात मृगाच्या तोंडावर सगळं गाव माळाकडे बघत असतं. डोंगरावरून ढगाची सावली उतरते, माळावर येते. माझे वडील कुळव थांबवून बघत राहायचे, सावली आपल्या शिवाराकडे वळते की शेजारच्या गावाला जाते. विहिरीवरच्या बायका हातातला दोर तसाच धरून बघायच्या. चार वर्षांची असल्यापासून मी ती सावली बघत आले होते. मला समुद्रात आधी माझा माळ दिसला.

पुन्हा सांगते. मला समुद्रात आधी माझा माळ दिसला. डोळे दोघांचे सारखेच होते. पण तांडेलांच्या घरात मासा बघितल्याशिवाय चूल पेटत नव्हती, आणि आमच्या घरात ढग बघितल्याशिवाय पेरा होत नव्हता.

याचा अभ्यास शास्त्रज्ञांनीही केला आहे. थायलंडच्या किनाऱ्यावर मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक आहेत. त्यांची पोरं पाण्याखाली डोळे उघडे ठेवून शिंपले वेचतात. 2003 साली ॲना गिस्लेन या स्वीडनच्या संशोधिकेने दाखवून दिलं की, पाण्याखाली या मुलांना युरोपातल्या मुलांच्या दुपटीहून बारीक दिसतं. ती डोळ्याची बाहुली अगदी लहान करतात. आणि पुढे युरोपातल्या मुलांकडून सराव करून घेतला, तर त्यांनाही ते जमलं! म्हणजे हे रक्तातच असावं लागतं असं नाही. शिकता येतं.

म्हणून मला हल्ली एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. लांबून लांबून लोक आपल्या किनाऱ्यावर येतात आणि फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. अहो, दहा मिनिटं तो फोन पिशवीत ठेवा, आणि वाळूत जाळं विणत बसलेला असेल त्याला विचारा, 'आज पाणी कसं आहे?' त्याहून वाईट वाटतं ते रापणीचं. माशांचा अख्खा थवा समुद्रातच घेरून उचलणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 साली राज्य सरकारने निर्बंध आणले, ते योग्यच झालं, पण ते कडक पाळले गेले पाहिजेत. मासा काठाला आलाच नाही, तर काठावरून मासा ओळखणारी नजर नातवाला कशी मिळणार?

तर, तांडेलांची गोष्ट थोडी राहिली. त्याच दिवाळीत माझे वडील मला भेटायला आले. त्यांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मी त्यांना किनाऱ्यावर नेलं. पश्चिमेला ढग चढत होता आणि तांडेल होडी काढावी की नको या विचारात होते. वडिलांनी पाण्याकडे बघितलंच नाही. ढगाकडे बघून म्हणाले, "ह्यात पानी न्हाई. रिकामा हाय."

तांडेल त्यांच्याकडे वळले. "कशावरसून?"

वडील ढगाची कड दाखवायला लागले. मग तांडेलांनी त्यांना पाण्यावरची शहारणारी जागा दाखवली. वडिलांना ती दिसली नाही, म्हणून पुन्हा दाखवली. दोघं ओढून ठेवलेल्या होडीच्या काठाला टेकले ते दुपारपर्यंत तिथेच होते. मी दोनदा चहा नेऊन दिला.

नमस्कार.