मुलुंडहून, रात्री अडीच वाजता

(मंडळाच्या 2026 च्या संक्रांत मेळाव्यात व्हिडिओवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. आवाज येतोय ना? तुमच्याकडे न्यू जर्सीत शनिवारचे दुपारचे चार वाजलेत, इथे रात्रीचे अडीच. आई आत झोपलीय, म्हणून हळू बोलतो. खरं तर या वेळी मी हॉलमध्ये तुमच्याबरोबर खुर्च्या मांडत असायचो. तिळगुळाचा हिशेबही माझ्याकडेच होता. तो आता बायकोकडे गेलाय, म्हणजे या वर्षी तरी तो लागेल.

मी आलो होतो भाचीच्या लग्नाला. रजा दोन आठवड्यांची. पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प 2024 मध्येच संपलेला, पण तिथे राहायची मुदतवाढ मंजूर होती, म्हणून निर्धास्त होतो. नव्या स्टॅम्पसाठी अमेरिकन वकिलातीत 18 डिसेंबरची मुलाखत, 21 चं विमान. लग्नाच्या आधी चार दिवस मेल आली की तारीख बदलली आहे. नवी तारीख मार्चमधली. 15 डिसेंबरपासून एच-वन-बी म्हणजे आपला नोकरीचा व्हिसा आणि एच-फोर म्हणजे घरच्यांचा, या दोन्हींच्या प्रत्येक अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खाती तपासायचं ठरलं आणि त्यापायी भारतातल्या कितीतरी मुलाखती पुढे गेल्या. खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायची, हीही सूचना. माझ्या खात्यावर वडापावचे फोटो आणि मंडळाच्या नाटकातला मिशा लावलेला मी. तपासा म्हणावं. बायकोचा एच-वन-बी तिचा स्वतःचा, स्टॅम्पही चालू, त्यामुळे ती लेकीला घेऊन ठरल्या दिवशी परतली.

सप्टेंबर आठवतोय ना? 19 तारखेला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी एच-वन-बीवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. मुंबईत शनिवार उजाडला होता आणि रविवारी सर्वपित्री अमावस्या. पितरांचं पान वाढायला आलेली माणसं रात्रीत मिळेल त्या तिकिटासाठी विमानतळावर धावली, कारण रविवारी सकाळी साडेनऊला नियम लागू होणार होता. शनिवारीच खुलासा आला की रक्कम फक्त नव्या अर्जांना, एकदाच. ऑक्टोबरमध्ये आणखी स्पष्ट झालं: तिथेच शिकून तिथेच एच-वन-बीवर जाणाऱ्यांना ती नाही, तिथे राहून मुदतवाढ घेणाऱ्यांनाही नाही. म्हणजे हॉलमधल्या बहुतेकांना तो आकडा लागूच नव्हता, पण घाबरलो सगळे त्यालाच. ज्यांना तो लागतो ती माणसं या हॉलमध्ये नाहीतच. ती इथे पवईत, पुण्यात बसलीत. त्यांच्यासाठी नव्वद लाखांच्या घरात रक्कम कोणती कंपनी भरेल?

आपल्याला अडवलं ते बारीक टायपातल्या नियमांनी. 2 सप्टेंबरपासून एच-वन-बीला ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय नुसती कागदपत्रं देऊन स्टॅम्प) बंद, म्हणजे मुलाखत आलीच. 6 सप्टेंबरपासून मुलाखत आपल्या देशातच किंवा राहत्या देशात, म्हणजे कॅनडाला किंवा मेक्सिकोला दोन दिवस जाऊन स्टॅम्प घेऊन यायची वाट गेली. आणि डिसेंबरात ही तपासणी. एकेक नियम सुटा वाचला तर काही वाटत नाही. तिन्ही एकत्र ठेवले की दिसतं: तिथे राहणं पूर्वीइतकंच सोपं-अवघड आहे, मुंबईला येऊन परत जाणं मात्र जुगार झालंय. नियम नोकरीचे बदलले आणि बंद झाली घरची वाट.

इथे एक घोळ कायम होतो, म्हणून सांगतो. स्टॅम्प लागतो तो दारातून आत यायला. आत आल्यावर किती दिवस राहायचं ते आय-94 वरच्या, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरच्या, तारखेवर ठरतं. स्टॅम्प संपलेला माणूस तिथे बेकायदा नसतो, तो फक्त बाहेर पडला की बाहेरच राहतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी बाहेर पडलो. भाचीचं लग्न होतं.

मुलांच्या एच-वन-बी सोडतीचंही बदलतंय. 65 हजार जागा आणि तिथे मास्टर्स केलेल्यांच्या 20 हजार, हे तेच. पण आत्तापर्यंत म्हाडाच्या सोडतीसारखी प्रत्येकाची एक चिठ्ठी असायची. 27 फेब्रुवारीपासून पगाराच्या चार पायऱ्यांप्रमाणे चिठ्ठ्या: वरच्या पायरीला चार, खालच्या पायरीला एक. पायरी नुसत्या पगारावर ठरत नाही, काम कोणतं आणि गाव कोणतं यावर ठरते. तेव्हा यंदा पदवी घेणाऱ्या मुलांनी ऑफर घेताना आकड्याबरोबर गावही बघावं.

माझं सांगायचं तर कंपनीने चार आठवडे इथून काम करू दिलं, पण क्लायंटचा डेटा इथून उघडता येत नाही, म्हणून आता बिनपगारी. पहिल्या आठवड्यात सोसायटीत विचारायचे, "कधी आलास?" तिसऱ्या आठवड्यापासून विचारतात, "कधी जाणार?" आणि उत्तर ऐकून गप्प होतात. वॉचमन तेवढा सरळ माणूस. "साहेब, नोकरी गेली का?" म्हणाला.

आईची गोष्ट वेगळी. गुरुवारी तिला मतदानाला घेऊन गेलो, बोटावरची शाई दाखवत ती घरी आली. त्याआधी भोगीची भाजी, बाजरीची भाकरी. सोळा वर्षांनी संक्रांतीला मी घरात. तीळ भाजता भाजता म्हणाली, "देव बरा असतो कधीकधी." मग माझ्याकडे बघून गॅस बारीक केला आणि उगाचच तीळ पुन्हा निवडायला घेतले.

माझ्याकडे मार्चपर्यंत वेळच वेळ आहे. तेव्हा ज्यांना येता येत नाही त्यांनी आईवडिलांचे पत्ते पाठवा. ठाणे, दादर कुठेही जाईन. बोरिवलीला जायला दादरला गाडी बदलावी लागते, तेही करीन. परवा आपल्या एका सभासदाच्या वडिलांकडे डोंबिवलीला जाऊन आलो. चहा झाल्यावर काका म्हणाले, "तो स्टॅम्प असतो तरी केवढा? दाखव बघू." मी पासपोर्ट उघडून जुना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून त्या पानावरून बोट फिरवलं. "एवढासाच?" म्हणाले.

थांबा हं, आतला दिवा लागला. आई उठली. जरा कोणीतरी कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळवा, तिला नात बघायचीय.