तीन मीटर पाणी

मंडळी, टेबलावरचा हा दहा फुटी पाईप प्लंबिंगच्या दुकानातूनच आणलाय. आतून काळा रंग दिलाय, दोन्ही टोकांना काचा बसवल्यात आणि आत बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर भरलंय, साधारण सहा लिटर. सांधे मी स्वतः भरलेत, त्यामुळं थोडे गळतात. पहिल्या रांगेनं पाय जपावेत.

पाणी रंगहीन असतं, असं आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलंय आणि त्याचा मार्कही घेतलाय. आज तो परत करायचा आहे.

साक्षीला रंकाळा मात्र बोलावू नका. त्याचा हिरवा रंग शेवाळाचा. पुरात पंचगंगा तांबडी होते ती मातीनं. तो रंग पाण्यात असतो, पाण्याचा नसतो. मग समुद्राचा निळा? तो आकाशाचा, असं तुम्ही म्हणाल. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेही तेच म्हणत. 1921 साली सी. व्ही. रामन विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीनं परतत होते. वाटेत भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना ते काही पटेना. जवळ एक निकोल प्रिझम होतं. ठरावीक कोनातून बघून ते फिरवलं की पाण्याच्या पृष्ठभागावरची चकाकी गाळली जाते. रामननी आकाशाचं प्रतिबिंब असं पुसून टाकलं, तरी समुद्र निळाच. उलट जास्त खुलला! मुंबई बंदरात पोचताच त्यांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकाला पत्र धाडलं. पाण्याचे रेणूच उजेड विखुरतात, हा त्यांचा मुद्दा. त्याच वाटेनं पुढं 1928 चा ‘रामन परिणामा’चा शोध आणि 1930 चं नोबेल आलं.

पण विखुरणं ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी या पाईपात आहे.

कोल्हापुरात गाण्याचे कान आहेत, म्हणून मिरजेचा तानपुरा आठवा. खर्जाची तार छेडली की गंधार कुणी न छेडता ऐकू येतो. स्वयंभू गंधार, खर्जाचाच उपस्वर. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामधला बंध असाच तारेसारखा थरथरतो. त्याचा मूळ सूर इन्फ्रारेडमध्ये, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. पण जवळपास चौपट कंपनसंख्येचा एक क्षीण उपस्वर थेट तांबड्या रंगावर येऊन बसतो, आणि तेवढा तांबडा उजेड पाणी गिळतं. उरलेला उजेड मग निळसर दिसतो. गंमत म्हणजे मोरचुदासारख्या बहुतेक रंगीत पदार्थांचा रंग इलेक्ट्रॉनांचा खेळ असतो. पाण्याचा मात्र रेणूच्या थरथरण्यातून येतो.

याला पुरावा? तार जड करा, सूर उतरेल. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम असतो. त्याचा तो उपस्वर इन्फ्रारेडमध्ये सरकतो आणि निळेपणा जातो. हाच पाईप जड पाण्यानं भरला तर रंग दिसणार नाही. तेवढं जड पाणी मला कोण देणार, हा प्रश्न वेगळा.

मग पेल्यात निळं का दिसत नाही? पेल्याची रुंदी सात सेंटीमीटर. तेवढ्यात 700 नॅनोमीटरचा गडद तांबडा उजेड 100 पैकी चारेक भागच कमी होतो. डोळ्याला पत्ताही लागत नाही. या तीन मीटरांत मात्र त्याचे 100 पैकी 15 उरतात आणि निळ्याचे 97.

पहिल्यांदा मी आळसानं नळाचं पाणी भरलं होतं. पुतणीनं डोळा लावला आणि म्हणाली, “काका, हा तर उसाचा रस!” पाण्यात विरघळलेलं जे काय असेल, तेही तीन मीटरांत दिसतं.

आता एकेकानं या. आधी शेजारच्या रिकाम्या पाईपातून बघा, मग भरलेल्यातून. टॉर्च मात्र दोन्हीकडं हाच लावायचा. खिशातले मोबाईल काढू नका. प्रत्येकाचा पांढरा वेगळा असतो, आणि मग वाद पाण्यावर न होता मोबाईलवर होतो.